चार बोटांचा विजय

अप्पामामा सिंगापूरला आले तेव्हा त्यांच्या सामानात तीन किलो भाजणी, आईने मागवलेला गोडा मसाला, एक घोंगडी आणि फुटबॉलचा एक अख्खा सीझन होता. घोंगडी बघून आई विमानतळावरच हसत सुटली. इथे माणसं पंख्याखाली उघडी झोपतात आणि हे घोंगडी घेऊन आले. सीझन दिसत नव्हता, कारण तो त्यांच्या डोक्यात होता. टॅक्सीत बसता बसता बाबा माझ्या कानाशी पुटपुटले, ‘आता बारा सामने ऐकायची तयारी ठेव. आमचं लहानपण त्यातच गेलंय.’

अप्पामामा म्हणजे बाबांचे सख्खे मामा. नात्याने माझे आजोबाच, पण त्यांना सगळं जग अप्पामामा म्हणायचं, पुण्यातला त्यांचा दूधवालासुद्धा. लग्न केलं नाही. नोकरीभर पाटबंधारे खात्यासाठी जमिनी मोजल्या, आणि निवृत्त झाल्यावर ज्याच्या त्याच्या घरी जाऊन पडद्यांची लांबी मोजून द्यायला लागले. त्याआधी, तरुणपणी, इंजिनिअरिंग शिकायला ते अमेरिकेत गेले होते. कुठल्याशा पोलादाच्या कारखान्यांच्या गावात. त्या गावाचा एक व्यावसायिक फुटबॉल संघ होता. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, त्यांचा तो हातात धरून पळायचा, चेंडू आंब्याच्या कोयीच्या आकाराचा आणि माणसं गाद्या बांधल्यासारखी. त्या संघाच्या एका सीझनमध्ये अप्पामामांनी मैदानावर काम केलं होतं. आयुष्यात त्यांनी धरणांची कामं केली, पण सांगायचे ते हेच.

आम्ही तेव्हा चोआ चू कांगला राहायचो. आता तिथे मॉल आहेत आणि माणसांना धक्के लागतात, तेव्हा नवे कोरे ब्लॉक होते आणि जिन्यात रंगाचा वास यायचा. लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबायची नाही. आमच्या वरच्या मजल्यावर थांबायची, आणि तिथून एक जिना उतरून आपल्या घरी यायचं. घरी जाण्यासाठी आधी घराच्या वर जायचं, हे काही अप्पामामांच्या इंजिनिअर डोक्यात बसलं नाही. रोज एकदा तरी ते त्यावर बोलायचे. शेजारी एक मलय कुटुंब होतं. सकाळी अकराला त्यांच्याकडे मिरच्यांचं सांबल परतायला घेतलं की आम्ही शिंकायचो, आणि संध्याकाळी आईने फोडणी टाकली की ते. बाबा तांजोंग पगारच्या ऑफिसात सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. म्हणजे दिवसभर घरात आई, आणि आता अप्पामामा. मी शाळेतून दीडला यायची तेव्हा दोघांचं एकदा तरी वाजलेलं असायचं. बहुतेक वेळा चहावरून.

मी चौदा वर्षांची होते आणि माझं काही खरं नव्हतं. पुण्यात मराठी शाळेत पहिल्या पाचात असलेली मुलगी इथे वर्गात तोंड उघडायला घाबरायची. मी वाक्य मनात जुळवून होईपर्यंत विषय बदललेला असायचा. मैत्रीण एकच, हुई मिन. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये मी कोपऱ्यात तोंड लपवून थालीपीठ खात होते, तर ही समोर येऊन बसली, डब्यात डोकावली, न विचारता एक तुकडा तोडला आणि म्हणाली, ‘नॉट बॅड, एह.’ झालं. त्या दिवसापासून माझा अर्धा डबा तिचा. ती लांब उडी मारायची. तिला शाळेच्या संघात जायचं होतं, इतकं की मधल्या सुट्टीत चालता चालतासुद्धा ती गटारावरून उड्या मारायची.

सीझन रविवारी दुपारी जेवणानंतर सुरू व्हायचा. अप्पामामांचा सिंगापुरात राहायचा पास तीन महिन्यांचा होता, सामने बारा होते, म्हणून त्यांनी रविवारी एक असा बेत आखला. जेवणाच्या टेबलावर अकरा फुटाणे आणि अकरा शेंगदाणे मांडले जायचे. फुटाणे म्हणजे आपला संघ, कारण त्यांची शिरस्त्राणं पिवळी होती. शेंगदाणे म्हणजे समोरचे. एखादा खेळाडू जखमी झाला की अप्पामामा त्याला खाऊन टाकायचे. आपला संघ इतका वाईट होता की सामना संपेपर्यंत फुटाण्यांचा डबा दोनदा उघडावा लागायचा. पहिल्या सामन्यात आपल्याच माणसाने उलट्या दिशेने पळून आपलीच वाट लावली. तिसऱ्यात पाऊस, चिखल, आणि कुणाचा सदरा कुठल्या रंगाचा हेच कळेना. पाचव्यात मुख्य खेळाडू सामन्याच्या दिवशी लग्न करून बसला. ‘मुहूर्त टळला असता का रे त्याचा,’ असं अप्पामामा इतक्या कळवळून म्हणायचे की आई आत भांडी घासता घासता हसायची. बाबा सोफ्यावर पेपर तोंडावर घेऊन झोपल्याचं सोंग करायचे, आणि अप्पामामांनी एखादा तपशील गाळला की पेपराखालून दुरुस्त करायचे.

अप्पामामांचं काम काय होतं, तर मोजायचं. त्या खेळात चार संधींत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. सरकलात तर पुन्हा चार संधी, नाही तर चेंडू समोरच्यांना. दहा यार्ड झाले की नाही हे बघायला मैदानाच्या कडेला दोन माणसं उभी असतात. त्यांच्या हातात दोन काठ्या, आणि काठ्यांमध्ये बरोबर दहा यार्डांची साखळी. शंका आली की पंच हात करतो, साखळी मैदानात आणतात, मागची काठी खुणेवर रोवतात, साखळी ताणतात, आणि चेंडूचं टोक पुढच्या काठीपर्यंत पोचलंय का ते बघतात. संघाचा माणूस एकदा कॉलेजात आला आणि म्हणाला, कुणी मोजता येणारा पोरगा आहे का. प्राध्यापकांनी अप्पामामांकडे बोट दाखवलं. पुण्यात असताना ते जमीन मोजायची साखळी ओढतच शिकले होते. त्यांना मागची काठी मिळाली.

हे मला नीट कळावं म्हणून त्यांनी आईच्या कपडे वाळत घालायच्या दोन बांबूच्या काठ्या काढल्या आणि नायलॉनची दोरी बांधली. दहा यार्ड म्हणजे त्यांची बारा पावलं, त्यांचं पाऊल अडीच फुटांचं आणि त्यात आजतागायत फरक पडलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. मग आम्ही ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, गेलो. तिथे दोन चिनी आजोबा बुद्धिबळ खेळत बसायचे. एक मराठी म्हातारा आणि एक मुलगी दोरी ताणून वाकून वाकून जमिनीकडे बघताहेत, हे त्यांनी दोन रविवार बघितलं. तिसऱ्या रविवारी त्यांतले एक उठले आणि न बोलता चेंडूच्या जागी आपली चप्पल ठेवून गेले. वर आईचे ओले कपडे बादलीत तसेच पडलेले. ती खिडकीतून खाली बघून एवढंच म्हणाली, ‘सामना संपला की काठ्या पाठवा.’

नवव्या रविवारी बाबांनी पेपर बाजूला ठेवला आणि उठून बसले. नववा सामना म्हणजे विजय. सबंध सीझनमधला एकच. समोर सगळ्यात तगडा संघ, मैदानावर बर्फ, आपण मागे, शेवटची काही मिनिटं, आणि चौथी संधी. सगळे फुटाणे आणि शेंगदाणे अप्पामामांनी एका ढिगात लोटले. पंचाने हात केला. अप्पामामा काठी घेऊन मैदानात गेले. लोखंडी काठी, उघडे हात, बोटांना काही कळेना. ‘आणि मागची खूण,’ ते म्हणाले, ‘पंचाने बुटाच्या टाचेने केलेली. बर्फात बुजलेली. कुठेय ती, मलाच ठाऊक. रोवली मी काठी.’

‘बरोबर तिथेच?’ मी विचारलं.

अप्पामामांनी समोरच्या संघाचा एक शेंगदाणा उचलला, तोंडात टाकला आणि डोळा मिचकावला. ‘साखळी ताणली. चेंडू चार बोटं पुढे. चार बोटांनी वाचलो आम्ही. पुढच्याच खेपेला गोल म्हण, काय म्हणायचं ते म्हण, झाला. जिंकलो. लोक मैदानात उतरले. आमच्या कप्तानाने स्वतःचे हातमोजे काढून माझ्या हातात घातले, म्हणाला, तुझी बोटं वाचव बाबा, आज तीच कामी आली.’ मग ते आत गेले आणि ट्रंकेतून हातमोजे घेऊन आले. जाड चामड्याचे, डांबरगोळ्यांचा वास येणारे. बाबा पन्नाशीच्या घरातले, पण त्यांनीसुद्धा ते घालून बघितले. मी त्या रात्री अंथरुणावर पडून एकच विचार करत होते, की काठी चार बोटं मागे रोवली तर पुढची काठीही चार बोटं मागे येते. अप्पामामांनी आपल्या माणसांसाठी हे केलं, आणि केवढं भारी केलं.

पुढच्या गुरुवारी शाळेत लांब उडीची निवड होती. एकच जागा उरलेली, आणि तीन मुली. खेळांत माझा उजेड काय पडायचा तो पडलेला असल्यामुळे मिसेस लिम, आमच्या पीटीच्या बाई, मला मोजायच्या कामाला लावायच्या. फळीपाशी त्या स्वतः टेपवरचा आकडा वाचायच्या. वाळूत टाचेची खूण उमटली की तिथे टेपचं टोक धरून खिळा टोचायचं काम माझं. म्हणजे मागची काठी. माझ्या मनात हे लगेच आलं, आणि मी आतून फुलून गेले. नॉरलिझा नावाची एक मुलगी होती, अबोल, कायम बुटाची लेस तोंडात धरून केस बांधणारी. तिने सुंदर उडी मारली. हुई मिनने शेवटची उडी मारली तेव्हा खूण कुठे आहे हे मला दिसलं, आणि ती नॉरलिझापेक्षा कमी पडली आहे हेही दिसलं. नेमकी किती ते सांगू? तीन बोटं. हुई मिन वाळूत तशीच बसून माझ्याकडे बघत होती. मी खिळा चार बोटं पलीकडे टोचला. मिसेस लिमनी आकडा वाचला, लिहिला, आणि कुणीतरी दाताळ्याने वाळू सारखी केली. हुई मिनने मला मिठी मारली. तिच्या अंगाची वाळू माझ्या दातांत आली.

मी नाचत घरी आले. आई भाजी आणायला गेलेली. अप्पामामा स्वयंपाकघरात टेबलाशी बसून पुढच्या रविवारसाठी फुटाणे निवडत होते, फुटके बाजूला काढत होते. मी दप्तर टाकलं आणि म्हटलं, ‘अप्पामामा, मीपण दिली. चार बोटं.’ आणि सगळं रंगवून सांगितलं, त्यांच्याच ढंगात, शेवटी डोळासुद्धा मिचकावला.

मला वाटलं होतं ते पाठ थोपटतील. त्यांनी टेबलावरचे फुटाणे मुठीने गोळा केले, डब्यात घातले, सावकाश झाकण लावलं. मग म्हणाले, ‘मंजू, तो सामना आम्ही हरलो.’

‘कुठला?’

‘नववा. चार बोटं कमीच पडला चेंडू. खूण होती तिथेच मी काठी रोवली. हरलो आम्ही. बाराच्या बारा हरलो.’

‘आणि हातमोजे?’

‘मी विकत घेतले. दुकानातून.’ ते डब्याच्या झाकणाकडे बघत बोलत होते. ‘परत आल्यावर लोकांनी विचारलं, तुमचा संघ कसा होता, तर रोज रोज हरला हरला काय सांगायचं. म्हणून सांगताना हलवली मी काठी. इथे हलवली,’ असं म्हणून त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. ‘मैदानात नाही. मैदानात कधी नाही.’

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हटलं, तुम्ही खोटारडे आहात. एवढ्या मोठ्या माणसाला मी असं बोलले, आणि ते म्हणाले, ‘आहेच.’ मग विचारलं, ‘ती दुसरी मुलगी कशी आहे गं?’ मी म्हटलं, ती फार बोलत नाही. ‘म्हणजे ती तक्रारसुद्धा करणार नाही,’ ते म्हणाले. मी म्हटलं, मी सांगितलं तर हुई मिन माझ्याशी बोलणार नाही, आणि मला इथे दुसरं कुणी नाहीये. हे मी इतक्या महिन्यांत आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. अप्पामामांनी डबा बाजूला सारला. मग म्हणाले, ‘उद्या मी येतो तुझ्याबरोबर. बोलायचं तू. मी नुसता उभा राहीन.’

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. इस्त्रीचा सदरा, पँट, डोक्यावर उन्हाची टोपी. बसमध्ये त्यांनी दोन स्टॉपांमधलं अंतर अंदाजाने सांगितलं. माझी पाचावर धारण बसली होती. ते स्टाफरूमच्या बाहेर, जिथून मला दिसतील अशा बेताने, खांबाला टेकून उभे राहिले. मी आदल्या रात्री इंग्रजी वाक्यं घोकली होती, त्यांतलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, ‘चेर,’ म्हणजे टीचर, ‘आय पुट द टेप राँग. नॉट मिस्टेक.’ मिसेस लिमनी चष्मा काढला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही उघडली, आकड्यावर एक रेघ मारली आणि विचारलं, बाहेर उभे आहेत ते कोण. मी म्हटलं, माझे आजोबा. त्यांनी मान डोलावली आणि मला वर्गात पाठवलं.

दोघींना पुन्हा उडी मारायला लावली. टेप दुसऱ्याच मुलीने धरली. नॉरलिझा गेली संघात. माझ्या जवळून जाताना ती म्हणाली, ‘यू व्हेरी फनी वन,’ आणि लेस तोंडात धरून केस बांधायला लागली. हुई मिनने तीन आठवडे माझ्याकडे बघितलं नाही. तिचं म्हणणं पुढे मला कळलं ते असं, की तू वाढवून मोजलंस ते वाईट नाही, सांगितलंस तेही वाईट नाही, पण आधी मला सांगायला हवं होतंस. आणि ते बरोबरच होतं. ते तीन आठवडे मी डबा घरी परत आणायची आणि अप्पामामा तो माझ्याबरोबर, काही न विचारता, खायचे. थंड थालीपीठ, दही, वर लोणच्याचा खार. एक दिवस कँटीनमध्ये हुई मिन समोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘टुडे डोन्ट हॅव, इज इट?’ मी डबा पुढे केला. आमची ती मैत्री आजही आहे. महिन्यातून एकदा आम्ही बुओना व्हिस्टाला, माझ्या घराजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, जेवतो आणि दोघींच्या गुडघ्यांबद्दल बोलतो.

उरलेले तीन सामने अप्पामामांनी सांगितले. तिन्ही हरले. मग पास संपला आणि ते पुण्याला गेले, घोंगडी इथेच ठेवून. पण त्यानंतर त्यांनी नववा सामना कधीच जिंकला नाही. घरात लग्नकार्य निघालं, पंगत उठली, चार जण जमले की बाबा हटकून म्हणायचे, ‘अप्पामामा, ती चार बोटं होऊन जाऊ द्या.’ आणि अप्पामामा शांतपणे म्हणायचे, ‘हरलो रे आम्ही तो. बाराच्या बारा हरलो.’ सगळे एकमेकांकडे बघायचे. बाबांना वाटलं, म्हाताऱ्याची स्मृती चालली. त्यांनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आजचा वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले, आणि अप्पामामांनी शेवटपर्यंत वजा करून दाखवून वर त्यांच्या टेबलाची लांबी सांगितली. तरी बाबांच्या मनातून ते गेलं नाही. अप्पामामांना स्वतःचा विजय आठवत नाही, याचं त्यांना फार लागलं होतं. आणि मी, खरं काय ते एकटीला ठाऊक असलेली, गप्प बसायची. मनातल्या मनात म्हणायची, किती सच्चा माणूस आहे हा, माझ्यापायी इतक्या वर्षांची थाप सोडून दिली. ते गेले तेव्हा हातमोजे मी मागून घेतले. दुकानातून घेतलेले का असेनात.

परवा माझी लेक कॉलेजातून तो कोयीच्या आकाराचा चेंडू घेऊन घरी आली. त्यांच्याकडे मुली आता हा खेळ कमरेला फडकी लावून खेळतात. मी तिला अप्पामामांची सगळी कथा सांगितली, फुटाण्यांसकट. तिने गावाचं नाव विचारलं, संघाचं विचारलं, आणि माझं बोलणं चालू असतानाच फोनवर शोधायला लागली. त्या गावच्या लायब्ररीने जुनी वर्तमानपत्रं इंटरनेटवर टाकली आहेत म्हणे. मी भात लावायला उठले. तेवढ्यात ती म्हणाली, ‘आई, यू सेड दे लॉस्ट एव्हरी गेम व्हॉट.’

‘हो. बाराच्या बारा.’

‘नो लाह. वन टाइम दे विन. सी.’

मी चष्मा शोधला. पिवळं पान, बारीक अक्षरं. नववा सामना. बर्फ. शेवटची मिनिटं. चौथ्या संधीला साखळी मागवली, आणि थोडक्यात, अगदी थोडक्यात, यार्ड पुरे झाले. सीझनचा पहिला विजय, असं मथळ्यात लिहिलं होतं. पुढचे अंक आम्ही बघितले, दुसरा विजय नव्हता. मथळ्याखाली एक फोटो होता. वाकलेला पंच, घोळका, आणि डावीकडे सैल कोटातला एक सडपातळ पोरगा, दोन्ही हातांनी काठी धरून उभा. चेहरा नीट दिसत नव्हता. हात दिसत होते. त्यांत हातमोजे नव्हते.

‘सो ही चीट ऑर नॉट?’ लेकीने विचारलं. मी म्हटलं, ते मला कधीच कळणार नाही, आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. मला ते टेबल आठवत होतं. मुठीने गोळा केलेले फुटाणे, आणि झाकण लावताना लागलेला वेळ. तेवढ्या वेळात त्यांनी ठरवलं होतं. आयुष्यात एकदाच जिंकलेला सामना त्यांनी हरून टाकला, माझ्यासमोर, आणि मग मरेपर्यंत भर पंगतीत हरत राहिले, कारण न जाणो, मी ऐकत असेन. मी ओट्याशी उभी राहून रडले. लेकीने कुकर बंद केला.

मग मी पुण्याला परतलेल्या बाबांना फोन लावला. त्यांना आता कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागतं.

‘बाबा, तो सामना खरंच जिंकले होते.’

‘कोण?’

‘अप्पामामा,’ मी मोठ्याने म्हटलं. ‘आपले अप्पामामा.’